मदत हवी आहे: बीएमआयएम-पीएफ६ सुकवल्यावर आम्लधर्मी झालं, बीकरची काचही धुरकट

प्रश्न (एमएस्सी, नांदेड)
बीएमआयएम-पीएफ६ (१-ब्युटिल-३-मिथाइलइमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट, साध्या तापमानालाही द्रव राहणारं लवण) बनवायला बीएमआयएम क्लोराइड ८.७३ ग्रॅम (५० मिलिमोल) ४० मिली पाण्यात घेतलं. बाहेरून बर्फ लावून ६० टक्के हेक्साफ्लुओरोफॉस्फोरिक आम्ल १२.२ ग्रॅम थेंबाथेंबानं घातलं. खाली जड थर बसला. तो दोनदा धुऊन काचेच्या बीकरमध्ये ओव्हनला १२० अंशांवर रात्रभर ठेवला. आता द्रव पिवळट आहे, पीएच पेपर लाल होतो आणि द्रव होता तिथपर्यंत काच धुरकट झालीय, घासूनही जात नाही. सिल्व्हर नायट्रेटनं (क्लोराइडची चाचणी) गढूळपणाही येतोच. पुन्हा धुऊन वापरता येईल का?

उत्तर १
आधी घासणं थांबवा! काच खाल्ली गेलीय, म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल (एचएफ) झालंय. हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), दुहेरी नायट्राइल हातमोजे घालून, द्रव प्लास्टिकच्या बाटलीत काढा आणि बीकर विझवलेल्या चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवा. बोटांना लागलं असेल तर दुखायची वाट पाहू नका. सौम्य आम्लाची आग कित्येक तासांनी सुरू होते. भरपूर पाण्यानं धुऊन २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

हा माल टाकून द्या. पीएफ६ (हेक्साफ्लुओरोफॉस्फेट) आयन साध्या उदासीन पाण्यात टिकतो, पण आम्ल आणि उष्णता एकत्र आली की फ्लुओरिन एचएफ होऊन निघतो. उरलेला पीएफ५ पाणी ओढून पीओएफ३, मग डायफ्लुओरोफॉस्फेट असा उतरत जातो. प्रत्येक पायरीला नवं एचएफ, म्हणजे आणखी आम्ल. दोन धुण्यांत आम्ल गेलं नव्हतं आणि तुम्ही तेच तापवलंत.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सर. पण क्लोराइड का जात नाही? धुवायला विभागातलं बोअरचंच पाणी वापरलं.

उत्तर २
मग गढूळपणा पाण्याचाच असणार. आपल्याकडच्या बोअरला क्लोराइड असतंच. नुसत्या बोअरच्या पाण्यावर तीच चाचणी करून पाहा. धुवायला डिस्टिल्ड पाणीच घ्या. सिल्व्हरचं पीएफ६ लवण विरघळतं, त्यामुळे चाचणीत त्याची अडचण नाही.

उत्तर १
पुढच्या वेळी आम्लाऐवजी अमोनियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ८.५६ ग्रॅम (५ टक्के जास्त) घ्या. पोटॅशियमचं लवण ९.६६ ग्रॅम लागेल, पण ते ४० मिलीत पुरतं विरघळत नाही, ढवळत बसावं लागतं. खालचा थर ३० मिली डायक्लोरोमीथेन या द्रावकात घ्या, नाहीतर चिकटपणामुळे धुणं नीट होत नाही. २० मिली थंड पाण्यानं, पीएच उदासीन आणि सिल्व्हर नायट्रेटची चाचणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. हे झाल्याशिवाय गरम करायचं नाही. नंतर रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) डायक्लोरोमीथेन काढून निर्वातात ६० ते ७० अंशांवर सुकवा. उघडं ओव्हन नको.

सगळं लवण तयार झालं तर उत्पादन १४.२ ग्रॅम, पण तेवढा हाती येणार नाही. १०० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम विरघळतं, म्हणून उगाच दहा-बारा वेळा धुऊ नका. पिवळेपणा बहुतेक क्लोराइड बनवताना जास्त तापवल्याचा असतो, त्याला ॲक्टिव्हेटेड चारकोल पुरतो.

उत्तर २
शुद्धता रंगावरून ठरवू नका. फॉस्फरस एनएमआरमध्ये (फॉस्फरस अणूंचे चुंबकीय संकेत दाखवणारी चाचणी) -१४४ पीपीएमजवळ सात रेषा, अंतर सुमारे ७१० हर्ट्झ, एवढंच दिसायला हवं. -१५ ते -२० पीपीएमच्या भागात तीन रेषा आल्या तर डायफ्लुओरोफॉस्फेट आहे, म्हणजे विघटन सुरू झालंय. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपट) ८४० प्रति सेंमीचा पट्टा ठळक असतो, पण थोडं विघटन तो दाखवत नाही.