अकूस्टिक गिटार घरी रेकॉर्ड करताना खर्ज घुमतो, दुसरा माइक घ्यावा का?

कॅपो_दुसऱ्यावर

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत राहतो, दुसरा मजला, खिडकी रस्त्याच्या बाजूला. बेडरूम १० बाय ११ फूट, खाली लादी, एका भिंतीला लोखंडी कपाट. गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची, १२ गेजच्या फॉस्फर ब्रॉन्झ तारा. माइक एकच, मोठ्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त उचलणारा, कंडेन्सर, आणि तो लॅपटॉपला जोडायला एका माइकची सोय असलेला यूएसबी इंटरफेस.

माइक साउंडहोलसमोर वीतभर अंतरावर लावतो. जी कॉर्ड वाजवली की खालची तार नुसती घुमते आणि वरच्या तारा त्यात बुडतात. ईक्यूने (सूर कमीजास्त करायच्या सोयीने) खालचं कापलं की पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं येतं. दुकानदार म्हणतो, छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सरची जोडी घ्या, दोन चॅनलचा इंटरफेस घ्या, स्टिरिओ करा. बायको भावगीतं गाते, मी साथ करतो, एवढंच रेकॉर्ड करायचंय. पैसे घालू का?

खुंटीपिळ्या

थांबा, पाकीट खिशात ठेवा.

तुम्ही जी कॉर्डचं नाव घेतलंत, तिथेच सगळं कळलं. सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. ड्रेडनॉटच्या पोटातली हवा साउंडहोलमधून आतबाहेर होते, ती साधारण १०० हर्ट्झच्या आसपासच सर्वात जोरात हलते. तुम्ही माइक नेमका त्या भोकासमोर धरलाय. त्यात कार्डिऑइड माइक जवळ नेला की तो खर्ज आपणहून वाढवतो. आता खोली बघा. ११ फुटांच्या लांबीत घुमणारा दुसरा सूर १०२ हर्ट्झच्या जवळपास येतो, आणि त्याचा जोर भिंतींपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यात असतो. पंख्याखाली खुर्ची टाकून बसत असाल तर झालंच! तिन्ही एकाच सुरावर एकत्र आले. माइकची जोडी आणलीत तर हेच घुमणं दोन चॅनलवर येईल.

तेव्हा आधी खुर्ची हलवा. ११ फुटांच्या दिशेने भिंतीपासून पावणेतीन फुटांवर बसा, म्हणजे लांबीच्या पाव भागावर. तिथे तो दुसरा सूर सर्वात कमी जोर धरतो. कोपऱ्यात मात्र नको. मग माइक साउंडहोलसमोरून काढून, मान जिथे पोटाला मिळते त्या सांध्यासमोर आणा. ड्रेडनॉटला तो बहुतेक १४ व्या फ्रेटला असतो. अंतर २५ ते ३० सेंटिमीटर, माइकचं तोंड सांध्याकडे, भोकाकडे अजिबात नको. आवाज पातळ वाटला तर माइक बोटभर भोकाकडे सरकवा, घुमला तर बोटभर मानेकडे. इथे बोटभर म्हणजे खरंच बोटभर.

हेडफोन लावून वाजवता वाजवता जागा ठरवू नका. गिटार छातीला टेकलेली असते, हाडांतून ऐकू येते, फसवते. अर्धा मिनिट तोच तुकडा रेकॉर्ड करा, जागा बदला, परत करा, मग वहिनींना ऐकवा आणि कुठली जागा कुठली ते सांगू नका. २४ बिटला ठेवा, सर्वात जोरातल्या स्ट्रोकला मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

गोधडी टांगायची असेल तर तुमच्या पाठीमागे टांगा. सगळे माइकच्या मागे टांगतात. पण माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यात शिरतो. खर्जावर गोधडीचा काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो. आणि कपाटाचं दार झणझणतंय का ते बघा, फटीत कागदाची घडी खोचली की गप्प बसतं.

मांडवीकाठ

पणजीहून. खुंटीपिळ्यांशी बहुतेक सहमत, पण स्टिरिओला एवढं झिडकारू नका. एकट्या गिटारला, बोटांनी वाजवलेल्या, दोन माइक सुंदर लागतात. फक्त लांब लांब ठेवू नका. एका माइकपर्यंतचं अंतर दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त झालं की आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मोनोत, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करून, ऐकल्यावर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. फोनच्या स्पीकरवर ऐकणारे तेच ऐकतात. एक्स-वाय करा: दोन्हींची तोंडं एकावर एक, कोन ९० अंश. मग मोनोतही काही बिघडत नाही.

आणि पावसाळ्यात रेकॉर्ड करणार असाल तर गिटार पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आमच्याकडे जून-जुलैत लाकूड फुगतं, वरची फळी उचलते, आवाज बसतो. मग माइकला दोष.

खुंटीपिळ्या

एक्स-वाय मान्य, एकट्या गिटारला. पण यांना गाण्याची साथ करायचीय. मधोमध गाणं असेल तर रुंद पसरलेली गिटार कशाला हवी? मोनो गिटार जरा बाजूला सरकवली की गळ्याला जागा मिळते.

कॅपोभाऊ, एक विचारायचं राहिलं. दोघं एकाच वेळी रेकॉर्ड करता की वेगवेगळं?

कॅपो_दुसऱ्यावर

एकाच वेळी करायचंय. वेगळं करायचं तर क्लिकवर (कानात टिकटिक ताल लावून) गावं लागतं, ते तिला जमत नाही. म्हणजे जमतं, पण भावगीत कवायतीसारखं होतं.

खुर्ची आणि माइक हलवून बघितला. जी कॉर्ड जागेवर आली, खरंच! वरची तार आता वेगळी ऐकू येते. मात्र बोटं सरकल्याची कुईकुई वाढली, आणि मागे एक बारीक गुणगुण आहे, ती पंखा बंद केल्यावरही जात नाही.

खुंटीपिळ्या

मग दुकानदाराचं निम्मं बरोबर. दोन माइकचा इंटरफेस घ्या, जोडी नको. तुमचा कंडेन्सर गिटारला राहू द्या, वहिनींसाठी एक डायनॅमिक माइक घ्या, कार्डिऑइडच. गाणाऱ्याचा म्हणून जो मिळतो तो चालेल, श्युअरचा एसएम ५८ असला तर उत्तम. समोरासमोर बसा, एकाच्या माइकची पाठ दुसऱ्याकडे. कार्डिऑइड पाठीमागचं सर्वात कमी उचलतो. तरी थोडी गिटार गळ्याच्या माइकमध्ये जाईलच, जाऊ द्या.

कुईकुई तारा जुन्या झाल्या की कमी होते, पण जुन्या तारांवर रेकॉर्ड करू नका. बोट सरकवायच्या आधी पूर्ण उचला, तो रियाजाचा भाग.

गुणगुण बहुतेक विजेची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली, तर चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय का ते आधी तपासा, त्याने अर्थिंग तुटतं.

कॅपो_दुसऱ्यावर

लावलाय. खोलीत तीन पिनांचा सॉकेट एकच आहे, त्यावर एसी. इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलावतो.