क्षत्रप की सुभेदार?

शमी
प्राचीन इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) पहिला याच्या राज्यव्यवस्थेवरील एका दीर्घ लेखाचा अनुवाद मी करत आहे. इ.स.पू. 522 मध्ये सत्तेवर आलेल्या या हखामनी घराण्यातल्या राजाच्या प्रांताधिकाऱ्यांना मी ‘क्षत्रप’ म्हटले होते. संपादकांनी तो शब्द खोडून सर्वत्र ‘सुभेदार’ केला. वर्तमानपत्रांमुळे ‘क्षत्रप’ म्हणजे आपल्या टापूत पक्षश्रेष्ठींनाही न जुमानणारा पुढारी, असा अर्थ रूढ झाला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

बोरू
‘क्षत्रप’च ठेवावा, कारण हा शब्द खुद्द दारयवहूच्या शिलालेखातला आहे. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या त्या लेखात बाख्त्री (बॅक्ट्रिया) प्रांताच्या दादर्शीला तो आधी ‘मना बंदक’, म्हणजे माझा बंदा, म्हणतो आणि लगेच पुढे त्याचे हे पद सांगतो. पहिला घटक आपल्या ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ, दुसरा ‘नृप’, ‘भूप’ यांतला राखणारा ‘प’. त्याच इराणी ‘क्षत्र’चे झिजत झिजत फारसीत ‘शह्र’ झाले आणि आपल्याकडे ‘शहर’ म्हणून आले. इतके जवळचे नाते असताना मोगलाईतला शब्द दोन हजार वर्षे मागे कशासाठी न्यायचा?

सह्यवासी
व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात आपल्या सासऱ्याला, नहपानाला, ‘क्षहरात क्षत्रप’ म्हणतो (क्षहरात हे कुळाचे नाव). पण नहपानाच्या डोक्यावर कोणी इराणी सम्राट नव्हता. तो स्वतःच्या नावाने चांदीची नाणी पाडत होता, आणि गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांवरच आपला छाप मारला, हे 1906 साली जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यात दिसते. मराठी वाचकाच्या ओळखीचा क्षत्रप हा असा राजा आहे.

दारयवहूचा अधिकारी वेगळा होता. आजच्या तुर्कस्तानातल्या सार्दिसचा क्षत्रप ओरोइतेस शिरजोर झाला तेव्हा राजाने फौज धाडली नाही, बगाइओस नावाच्या एका माणसाजवळ मोहरबंद पत्रे दिली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. बगाइओसने ती एकेक करून कारकुनाकडून वाचून घेतली आणि शरीररक्षक राजाच्या शब्दाला किती मान देतात ते पाहिले. ओरोइतेसचे रक्षण करू नये, असे एका पत्रात निघताच त्यांनी भाले खाली ठेवले. त्याला मारावे, असे शेवटच्या पत्रात निघताच तलवारी उपसल्या. कागदावर ज्याचे पद आणि प्राण अवलंबून असतात, त्याला मी सुभेदारच म्हणेन.

मुक्तछंद
एका ओरोइतेसवरून दोनशे वर्षांचा निकाल लावणे बरोबर नाही. त्याच साम्राज्यातल्या कारिया प्रांतात (आजचा नैर्ऋत्य तुर्कस्तान) हेकातोम्नसनंतर त्याचा मुलगा मौसोलस क्षत्रप झाला, आणि इ.स.पू. 353 मध्ये तो वारल्यावरही सत्ता घरातच राहिली. त्याची कबर प्राचीन सात आश्चर्यांत गणली जाते. हा माणूस ‘सुभेदार’ या शब्दात कसा मावेल?

निंबोणी
शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, आणि आपण मात्र ‘सुभेदार’ परत आणण्यावर वाद घालत आहोत, याचे मला वाईट वाटते. ‘प्रांताधिपती’ लिहावे, शब्द स्वच्छ आहे आणि कोणालाही कळतो.

सह्यवासी
इराणच्या इतिहासात इराणी शब्द परका कसा ठरेल? ‘सुभा’ अरबी खरा, पण ‘सुभेदार’मधला ‘दार’ ज्या इराणी धातूचा, त्याच धातूचे ‘दारयवहु’ हे नाव आहे: जे चांगले ते धारण करणारा. आपला ‘धर’ही त्याच कुळातला.

बोरू
‘प्रांताधिपती’ला माझा आक्षेप वेगळा आहे. बेहिस्तूनच्या लेखात दारयवहु आपल्या ताब्यातील 23 प्रदेशांची यादी देतो आणि त्यांना ‘दह्यु’ म्हणतो. हिरोडोटसने दिलेले 20 विभाग करवसुलीचे आहेत. त्यांतल्या विसाव्या, म्हणजे भारतीयांच्या, विभागाकडून वर्षाला 360 टॅलंट (वजनाचे जुने माप) सोन्याची भुकटी येत असे. दोन्ही याद्या जुळत नाहीत, म्हणून ‘दह्यु’चा अर्थ प्रांत असा गृहीत धरू नये.

मुक्तछंद
‘दह्यु’ म्हणजे वेदातला ‘दस्यु’च ना? तिकडे देश आणि इकडे शत्रू, असा अर्थ कसा फिरला?

बोरू
मूळ अर्थ लोक किंवा लोकांची वस्ती असावा, असे मला वाटते. आपली ती वस्ती, दुसऱ्यांची ती शत्रूंची.

शमी
मग त्या 23 नावांच्या वर मी ‘देश’ लिहावे की ‘लोक’? आणि संपादकांना ‘सुभेदार’बद्दल आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

निंबोणी
‘जनपद’ लिहावे.

सह्यवासी
‘जनपद’ म्हटले की मगध आणि कोसल डोळ्यांपुढे येतात. बाबिलोन आणि मिस्र (इजिप्त) यांना जनपद म्हणणे मला मुळीच मान्य नाही.