मदत हवी आहे: पुण्यात मलेशियन उपाहारगृहासाठी जागा कोणती घ्यावी? कॅम्प, कल्याणीनगर की बालेवाडी?

नमस्कार.

आम्ही उभयता सात वर्षे मलेशियातल्या पेनांगला राहून गेल्या वर्षी पुण्याला कायमचे परत आलो. मी तिथे बायान लेपासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होतो. त्या काळात माझ्या पत्नीने शेजारच्या मलय काकूंकडून आणि खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींकडून तिथला स्वयंपाक मनापासून शिकून घेतला. आता छत्तीस आसनांचे एक छोटे मलेशियन उपाहारगृह काढण्याचे आम्ही ठरवले आहे. पदार्थ ठरले आहेत, भांडवलाची तजवीज झाली आहे, मोठ्या आचेवर कढई चालवणारा आचारीही मिळाला आहे. अडले आहे ते जागेपाशी. तीन जागा पाहून झाल्या असून या महिनाअखेर एकीचा निर्णय द्यायचा आहे, म्हणून हा प्रपंच.

पदार्थ सांगितल्याशिवाय जागेचा प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मुख्य पदार्थ नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत सांबाल ही मिरचीची तिखटगोड चटणी, मांदेलीच्याच कुळातले बारीक सुके मासे कुरकुरीत तळून, शेंगदाणे, काकडी आणि उकडलेले अंडे. भाताला वास लागतो तो आपल्याकडे काही घरांत कुंडीत लावलेल्या आंबेमोहोर पानाचा. याखेरीज केरळी परोट्याच्या जवळची रोटी चनाई, दोन प्रकारचा लाक्सा (शेवयांचे रस्सेदार सूप), साते (काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे) आणि रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेले मसालेदार मांस). रेंदांग तिकडे बहुधा गोमांसाचे करतात. आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी असल्यामुळे आम्ही ते मटणाचे करू, आणि खरे सांगायचे तर मटणाचे अधिक चांगले होते. पेनांगच्या आंबट लाक्सात चिंचेबरोबर कोकमाच्याच जातकुळीतल्या एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या पडतात, त्यामुळे कोकणातल्या माणसाला तो पहिल्या घोटालाच ओळखीचा वाटतो, असा आमचा घरच्या पाहुण्यांवरचा अनुभव आहे.

आता अडचण. सांबालचा जीव ब्लाचानमध्ये असतो. ब्लाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ घालून आंबवून, कुटून, वाळवून केलेली तपकिरी वडी, आणि ती वापरण्यापूर्वी भाजावी लागते. मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही कोथरूडच्या घरी तव्यावर अंगठ्याएवढा तुकडा भाजला. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता. पाचव्या मिनिटाला समोरच्या मालवणच्या आजी दार वाजवून विचारत्या झाल्या, ‘सुकट भाजतंस काय गो?’ आणि नको नको म्हणत वाटीभर सांबाल घेऊन गेल्या. दहाव्या मिनिटाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला की कोणाच्या तरी घरात उंदीर मेला असावा, सर्वांनी तपासावे. अंगठ्याएवढ्या तुकड्याची ही कथा असेल, तर रोज सकाळी अर्धा किलो भाजल्यावर वरच्या मजल्यावर राहणारे काय म्हणतील, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. जागा निवडताना गर्दी, भाडे, पार्किंग हे सर्वच जण पाहतात; मला त्याआधी धूर आणि वास कुठे जाणार हे पाहावे लागत आहे.

पहिली जागा बालेवाडी हाय स्ट्रीटजवळ आहे. ९०० चौरस फूट, तळमजला, भाडे २ लाख १० हजार. इमारत पूर्णपणे व्यापारी असल्यामुळे वर कोणी राहत नाही आणि धुराड्यासाठी गच्चीपर्यंत स्वतंत्र मार्ग काढून ठेवलेला आहे, हा तिचा मोठा गुण. शनिवारी रात्री आठ ते दहा या वेळात मी समोरच्या कट्ट्यावर बसून शेजारच्या चार उपाहारगृहांत शिरणारी माणसे मोजली. ती २३५ भरली. बुधवारी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात त्याच चार ठिकाणी मिळून ५८ माणसे आली. त्यातही निम्मी आयटीतली मंडळी तासाभरात परतायच्या घाईत होती.

दुसरी जागा कल्याणीनगरमध्ये आतल्या रस्त्यावर, ८०० चौरस फूट, भाडे १ लाख ६० हजार, मेट्रो स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. परिसर सुखवस्तू, परदेशी राहून आलेले लोक पुष्कळ, आणि विमाननगरचे विद्यार्थीही फार लांब नाहीत. परंतु वर चार मजले सदनिका आहेत. मध्यस्थाने सहज बोलता बोलता सांगितले की मालकांना मांसाहार चालेल, फक्त मासे नकोत. ब्लाचानची वडी मासा नव्हे, कोळंबी आहे, असा युक्तिवाद करण्याचा मोह मी आवरला.

तिसरी जागा कॅम्पमध्ये, ईस्ट स्ट्रीटच्या एका बोळात. जुनी दगडी इमारत, ११०० चौरस फूट, भाडे १ लाख २० हजार. पार्किंग नाही, दर्शनी भाग जेमतेम बारा फूट, आणि वरच्या मजल्यावर एका शिंप्याचा कारखाना आहे, ज्याचे मालक म्हणाले, ‘आम्ही सहाला कुलूप लावतो, मग तुम्ही काहीही भाजा.’ (आम्हाला भाजायचे आहे सकाळी, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.) इथे बुधवारी दुपारी चार ठिकाणी मिळून ११६ माणसे आणि शनिवारी रात्री १३२. म्हणजे शनिवारची गर्दी बालेवाडीच्या जवळजवळ निम्मी, पण बुधवारची दुप्पट. शिवाय शिवाजी मार्केट जवळ असल्यामुळे मासळी आणि मटण सकाळी हाताने निवडून आणता येईल.

हिशेब असा मांडला आहे. व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि उपाहारगृहाने ग्राहकाकडून ५ टक्के दराने कर घेतला तर भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे तो सरळ खर्च धरायचा. मालक नोंदणीकृत नसला तरी ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूला तो स्वतः भरावा लागतो, त्यामुळे ती पळवाटही नाही. त्यानुसार बालेवाडीचे खरे भाडे सुमारे २ लाख ४८ हजार, कल्याणीनगरचे १ लाख ८९ हजार आणि कॅम्पचे १ लाख ४२ हजार होते. भाडे विक्रीच्या १२ टक्क्यांच्या आत ठेवायचे आणि माणशी ४५० रुपये बिल धरायचे, तर बालेवाडीला रोज साधारण १५३, कल्याणीनगरला ११७ आणि कॅम्पला ८७ माणसे जेवायला हवीत. छत्तीस आसनांवर १५३ माणसे म्हणजे प्रत्येक खुर्ची दिवसातून चारदा भरली पाहिजे, तीही सोमवारी, संकष्टीला आणि श्रावणात.

माझा कल कॅम्पकडे आहे, पत्नीचा बालेवाडीकडे. तिचे म्हणणे असे, की हे जेवण पुण्यात बहुतेकांना ठाऊक नाही, त्यामुळे नवे काही खाऊन पाहण्यासाठीच जिथे लोक बाहेर पडतात तिथे आपण असले पाहिजे. कॅम्पात येणारा माणूस त्याचे ठरलेले खाणे खायला येतो. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच मी अडलो आहे. ज्यांनी यांपैकी कोणत्याही भागात खाण्याचा व्यवसाय केला आहे, किंवा जे तिथे नियमित जेवतात, त्यांनी कृपया आपले मत द्यावे. घरपोच सेवेचा विचार मी मुद्दाम दुय्यम ठेवला आहे, कारण केळीच्या पानात बांधलेला नासी लेमाक प्रवास सोसतो, लाक्सा मात्र वाटेतच संपतो.

प्रतिसाद १

मी अकरा वर्षे उपाहारगृह चालवले असून त्यांतली सहा वर्षे कॅम्पात होतो. आपण एक गोष्ट लिहिलेली नाही, ती आपल्याला ठाऊक आहे का, हे आधी तपासावे. ईस्ट स्ट्रीट पुणे महानगरपालिकेत येत नाही, तो कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत आहे. व्यवसायाचा परवाना बोर्डाकडून घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या इमारतीत भिंत पाडणे, पोटमाळा घालणे, बाहेरून धुराडे चढवणे यांपैकी काहीही बोर्डाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. तिथल्या पुष्कळ जागा जुन्या भाडेपट्ट्यांवरच्या आहेत. तुमच्याशी करार करणारा माणूस मालक आहे, पट्टेदार आहे की पट्टेदाराचा भाडेकरू, हे कागदावर पाहिल्याशिवाय अनामत रकमेचा धनादेश लिहू नये. मी तो एकदा घाईने लिहिला होता. धुराड्याची परवानगी येईपर्यंत पाच महिने बंद दुकानाचे भाडे भरले, आणि त्या पाच महिन्यांत माझा आचारी दुसरीकडे गेला.

एवढे सांगूनही मी कॅम्पच सुचवीन. आपले दुपारचे आकडे बोलके आहेत. शनिवारच्या गर्दीवर भाडे निघत नाही. ते निघते मंगळवार-बुधवारच्या दुपारी. आणि वासाचे म्हणाल, तर त्या भागात इराणी, गोवेकर, बोहरी, पारशी अशा सर्वांची स्वयंपाकघरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना लागून आहेत. तिथे उंदीर मेल्याचा निरोप येण्याचा संभव कमी.

प्रतिसाद २

कल्याणीनगरची जागा सोडून द्यावी. ‘मासे नकोत’ असे जो मालक आज मध्यस्थाकरवी कळवतो, तो उद्या तेच सोसायटीच्या पत्रावर कळवील.

प्रतिसाद ३

मी क्वालालंपूरला चौदा वर्षांपासून आहे. आपण माणसे दुपारी आणि रात्री मोजली, पण मलेशियन खाण्याची खरी वेळ त्या दोन्हींच्या मध्ये आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? इथल्या तमिळ मुसलमानांच्या मामाक उपाहारगृहांत दुपारी चारपासून जी माणसे बसतात, ती एक रोटी चनाई आणि एक ‘ते तारिक’ (उंचावरून ओतून फेसाळ केलेला दुधाचा चहा) घेऊन तासभर उठत नाहीत, आणि त्यांतलीच निम्मी घरी जाताना जेवण बांधून नेतात. चिनी कोपितियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, तर काया (नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला गोड लेप) लावलेला पाव, अर्धवट उकडलेली अंडी आणि आटवलेल्या दुधाची कॉफी एवढ्यावर दुकान चालते. पुण्यात याला सर्वांत जवळची सवय कोणती म्हणाल, तर इराण्याकडचा बन-मस्का आणि चहा; आणि ती सवय असलेला माणूस बालेवाडीपेक्षा कॅम्पात अधिक सापडेल. आपल्या पत्नी म्हणतात तो ‘ठरलेले खाणारा’ माणूस हाच. त्याला नासी लेमाक पहिल्याच दिवशी द्यायला जाऊ नका. काया पावाला लावून द्या. आठव्या दिवशी तो आपण होऊन विचारील की शेजारच्या टेबलावर पानात काय आहे.

मात्र चार ते सात या वेळात तिथे स्वतः बसून पुन्हा मोजावे, ही विनंती. माझे पुण्याचे ज्ञान जुने आहे.

प्रतिसाद ४

जागेविषयी मला सांगता येणार नाही, पण एक सुचवतो. आमच्या बेळगावात केएलई संस्थेत मलेशियाच्या विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी मलेशियन विद्यार्थी येऊन राहतात. दुकान उघडण्यापूर्वी एकदा सांबालचा डबा घेऊन इकडे यावे आणि त्या मुलांना खाऊ घालावे. घरापासून दूर असलेली मुले आईच्या हातच्या चवीबाबत अजिबात भीड ठेवत नाहीत.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कल्याणीनगरच्या मध्यस्थांना काल नकार कळवला. कॅन्टोन्मेंटचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता, हे कबूल करतो. मी महानगरपालिकेच्या अर्जांची छापील प्रत फाइलीत लावून बसलो होतो.

काल गुरुवारी चार ते सात ईस्ट स्ट्रीटला बसलो. त्याच चार ठिकाणी १४३ माणसे आली, म्हणजे दुपारच्या जेवणापेक्षाही अधिक, आणि माझ्या अंदाजाने त्यांतल्या शंभरेक माणसांनी चहा आणि काही तरी बेकरीचे एवढेच घेतले. पत्नी सोबत होती. तिने काही बोलून दाखवले नाही, पण परत येताना काया करायला अंडी घेतली. अडचण एवढीच, की चहा-पावाचे बिल ४५० होत नाही, फार तर १२० होते, त्यामुळे वरचा हिशेब मला पुन्हा मांडावा लागणार आहे.

शिंप्याच्या कारखान्याच्या मालकांना सकाळच्या भाजण्याविषयी सांगितले. ते म्हणाले, साडेनवाच्या आत उरका, आमची माणसे दहाला येतात.

आता एकच प्रश्न उरतो, आणि तो प्रतिसाद १ देणाऱ्या महोदयांना विशेषकरून आहे. जागेचे कागद पाहायला देण्यास पट्टेदार तयार आहेत. मात्र भाडे ताबा दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होईल, असा त्यांचा आग्रह आहे. बोर्डाचा परवाना आणि धुराड्याची मंजुरी हाती आल्यानंतरच पूर्ण भाडे लागू होईल, आणि ठरावीक मुदतीत मंजुरी न आल्यास अनामत रक्कम परत मिळून करार रद्द होईल, असे कलम लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारात आपण किंवा आपल्या परिचयातील कोणी घालून घेतले आहे का? घातले असल्यास मुदत किती महिन्यांची धरली होती, आणि मधल्या काळात निम्मे भाडे देण्यावर पट्टेदार तयार होतात का?