सकाळपासून बिनसलेला दिवस: तुमच्याकडच्या पिल्लांचा कुठे वळला?

परवा आमच्या लेकीचा (वय साडेसहा) दिवस उठल्यापासूनच बिनसला होता. मोज्याची शिवण टोचते, वेणी घट्ट झाली, शाळेच्या गाडीत मैत्रीण दुसरीच्या शेजारी जाऊन बसली. दुपारी आली ती दप्तर भिरकावूनच. "काय झालं?" "काही नाही." पुन्हा विचारलं तर भोकाड. शेवटी माझाही आवाज चढला. मग दोघी दोन खोल्यांत.

संध्याकाळी तोंड धुताना आठवडाभर हलणारा दात तिच्या हातात आला. पहिलाच! आरशासमोरून हलेना. फटीतून जीभ बाहेर काढून झाली, मग "आई, माझा स शिट्टी मारतोय!" आणि त्याच शिट्टीच्या स-मध्ये दिवसभराचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी त्यात काहीच केलं नव्हतं, हे नमूद करते. दुधाचे दात २०, त्यामुळे अजून १९ वाईट दिवसांची सोय झाली, असं नवऱ्याचं गणित.

तुमचेही किस्से लिहा. स्वतःच्या लहानपणचे चालतील. उपदेश मात्र नको, तो घरात भरपूर आहे.

•••

आमच्याकडे वळण म्हणजे झोप. बाकी सगळ्या थिअऱ्या आम्ही वापरून बघितल्या. वीस मिनिटं डोळा लागला की उठल्यावर पोरगं दुसरंच असतं.

•••

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तरी लिहितो.

मुलगा तिसरीत. वहीत शेरा आला, "फळ्यावरचं चुकीचं उतरवतो, लक्ष नसतं." मी सही केली आणि वर माझं भाषणही दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेरा, शिवाय खेळाच्या तासाला सोपा झेल सुटला म्हणून सगळे त्याला हसले. घरी येऊन म्हणाला, "मला चेंडू उशिरा दिसतो." रडत नव्हता, नुसतं सांगत होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. संध्याकाळीच डोळे तपासायला नेलं.

दोन्ही डोळ्यांना उणे दोन. म्हणजे साधारण अर्ध्या मीटरच्या पलीकडचं सगळं धूसर, असं तपासणाऱ्या बाईंनी समजावलं. अर्धा मीटर! फळा कुठे आणि हा कुठे बसायचा! वर्षभर हा मुलगा अंदाजाने शाळा शिकत होता आणि मी त्याला एकाग्रतेवर व्याख्यानं देत होतो.

त्यांनी ती जड, गोल चौकट त्याच्या नाकावर ठेवून भिंगं बसवली. त्याने तक्त्याची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली. मग मान वळवून कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या कानात केस आहेत."

बाई हसून हसून बेजार. तोही हसला, आठवडाभरात पहिल्यांदा. परत येताना वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची त्याला घाई, पण चष्मा तयार व्हायला तीन दिवस होते. ते तीन दिवस मी त्याला एकदाही रागावलो नाही. चौथ्या दिवशी रागावलो, पण ते वेगळ्या कारणाने.

•••

वरचे काका, सही करणारे तुम्ही एकटे नाही आहात. आमच्याकडे कानाचं असंच झालं होतं. सर्दीने कानात पाणी साठलेलं आणि आम्ही म्हणत होतो, पोरगी ऐकतच नाही.

•••

माझा स्वतःचा. नऊ वर्षांची होते. मुलींनी खेळात घेतलं नाही, म्हणून त्यांना दाखवायला भिंतीवर चढले आणि दाखवता दाखवता पडले. डावा हात. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, कटकन मोडत नाही. एका बाजूने चिरतं आणि वाकतं." मला ते वाक्य इतकं आवडलं की दुखणं विसरून मी ते वाटेत भेटेल त्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्लास्टरवर पहिलं नाव कोणी लिहिलं असेल? जिने खेळात घेतलं नव्हतं तिने. पुढे पाच आठवडे दप्तरही तिनेच उचललं. आतून खाज यायची तेव्हा मात्र कोणी कामाला आलं नाही.

•••

प्रत्येक दिवस वळतोच असं नाही हं. आमचा मासा मेला तो दिवस तसाच संपला. भाचा न बोलता झोपला आणि आम्हीही बोललो नाही.

•••

मी आत्या. भाऊ-वहिनी दवाखान्यात, बाळ झालेलं, आणि पाच वर्षांचा भाचा माझ्या ताब्यात. दिवसभर टेबलाखाली बसून होता. "तुला बहीण झाली" म्हटलं की पाय आपटायचा. शेवटी मीही टेबलाखाली शिरले. गुडघे कुरकुरले, पण बोलले काही नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिला माझी खोली देणार का?"

संध्याकाळी नेलं. पाळण्याशी उभा राहिला, रागातच. बोट पुढे केलं, बहुधा टोचायलाच. तिच्या तळहाताला बोट लागलं आणि तिने ते गच्च पकडलं. "आत्या, सोडतच नाहीये!" चेहरा असा काही फुलला की वहिनी रडायला लागली.

नवजात बाळं तळहाताला लागेल ते धरतात, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि काही महिन्यांत जाते. तो आता अकरा वर्षांचा आहे. तिने जगात सगळ्यात आधी आपलंच बोट धरलं, असं अजून सांगतो. माझं तिने दुपारीच धरलं होतं, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

•••

धागा काढणारी पुन्हा हजर. आत्या, तुमचं गुपित इथेच राहील. आमच्याकडे शेजारचा दात हलायला लागलाय. पण आज दिवस छान चाललाय, म्हणून तिने त्याला जीभ लावायची नाही असं ठरवलंय.