मदत हवी आहे: जुनं एन गेजचं इंजिन बोटाने ढकलल्याशिवाय सुटत नाही

मंडळी, जाणकारांनी जरा बघावं.

मामांनी कपाट आवरताना बुटांचा एक खोका माझ्या हातात ठेवला. आत एन गेजचं (मॉडेल रेल्वेचं एक छोटं माप) वाफेचं इंजिन (म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या रूपातलं, चालतं विजेवरच), सहा प्रवासी डबे, थोडे मालडबे आणि एक गोल पूर्ण होईल एवढे रूळ. दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर, त्यावरून इंजिन केवढंसं असेल ते बघा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पन्नासेक वर्षं खोक्यात पडून राहिलं, यात तिचा काय दोष?

आतापर्यंत जे केलं ते असं. सोबतच्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचं रबर हात लावताच तुकडे होऊन पडलं, म्हणून तो प्लगला लावलाच नाही. घरच्या व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी सप्लायवर काम चाललंय, १२ व्होल्टच्या वर जात नाही. गिअरांत मेणासारखं पिवळं, घट्ट झालेलं ग्रीस होतं. ते लायटरमधल्या पेट्रोलने भिजवून टूथपिकने कोरून काढलं. अख्खी संध्याकाळ गेली, पण आता चाकं बोटाने फिरवली की सुळकन फिरतात. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारे कार्बनचे तुकडे) अर्धे शिल्लक आहेत. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले.

आता तक्रार. ६ व्होल्ट दिले की इंजिन नुसतं ‘घुंऽऽ’ करत बसतं. मागून बोटाने किंचित ढकललं की निघतं, पण लंगडत. थांबवलं की पुन्हा कधी आपोआप सुटतं, कधी नाही. उलट दिशेलाही तेच. पुढचा दिवा मात्र या सगळ्यात एकसारखा जळत असतो. सात-आठ मिनिटांत मोटर तापते आणि व्हार्निशसारखा वास येतो.

लोहचुंबक कमजोर झाला असेल का? की गिअर गेला? नवी मोटर बसवायची नाहीये, होता होईल तो मूळ भागच ठेवायचे आहेत.

प्रतिसाद १

रूळ अल्कोहोलने नीट निघत नाहीत. बारीक पॉलिश पेपर मारा, नव्वद टक्के तक्रारी तिथेच संपतात.

प्रतिसाद २

पॉलिश पेपर अजिबात नको. रुळाला बारीक ओरखडे पडतात, त्यांत काजळी बसते आणि मग दर आठवड्याला पुसत बसा. शिवाय दिवा एकसारखा जळतोय असं त्यांनी लिहिलंय. म्हणजे वीज रुळातून चाकांत आणि चाकांतून इंजिनात व्यवस्थित पोचतेय. दोष त्याच्या पुढे, मोटरपाशी आहे.

गिअरबद्दल: त्या काळचे प्लास्टिकचे गिअर वयानुसार आकसतात आणि आसावर घट्ट बसलेले असल्याने तडकतात. तसं असेल तर चाकाच्या दर फेऱ्याला, त्याच जागी, ‘टक्’ असा आवाज येतो. रुळांवर खडूची खूण करून बघा, झटके ठरावीक अंतराने येतात का.

धागालेखक

बघितलं. झटक्यांना ठरावीक अंतर नाही, टक् आवाजही नाही. वर्म गिअर (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) सोडवून मोटर एकटीच चालवली तरी तेच, बोट लावल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे गिअर सुटले आरोपातून! आता आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) बाहेर काढून बघू का?

प्रतिसाद ३

थांबा! आर्मेचर इतक्यात काढू नका. त्या वयाच्या मोटरींमध्ये बरेचदा अल्निकोचा (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा) चुंबक असतो. आर्मेचर बाहेर आलं की त्याचं चुंबकीय वर्तुळ तुटतं आणि ताकद कायमची कमी होते. काढायचंच झालं तर ते सरकवत असतानाच त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा सरकवायचा.

तूर्तास फक्त दोन्ही ब्रश काढा. ब्रश जागेवर असतील तर दिव्याचा रेझिस्टन्सही मिसळतो आणि आकडा फसवतो. कम्युटेटरवर (आर्मेचरच्या ज्या टोकाला ब्रश टेकतात तिथे) तांब्याच्या तीन पट्ट्या दिसतील. मल्टिमीटरने पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली असं मोजा आणि तिन्ही आकडे इथे लिहा. पट्ट्यांमधल्या फटींत काळी भुकटी असेल तर आधी टूथपिकने काढा. ती कार्बनची असते आणि दोन पट्ट्या आपसात जोडून टाकते.

धागालेखक

भुकटी होती, काढली. आकडे: १८, १८, ३६ ओहम. दोन बरोबर आले, तिसऱ्या जागी घाण असावी असं वाटून पट्ट्या पुन्हा पुसल्या, तरी ३६च.

प्रतिसाद ३

सापडलं! ३६ म्हणजे घाण नाही. घाण इतका चोख दुप्पट आकडा देत नाही.

तीन पोलच्या आर्मेचरमध्ये तीन कॉइली त्रिकोणात जोडलेल्या असतात, दर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक. एक कॉइल समजा १८ ओहमची. तिन्ही धड असतील तर कुठल्याही दोन पट्ट्यांवर मोजताना एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्या दोघींचे ३६ असे समांतर येतात, म्हणून आकडा १२ दिसतो. तिन्हीकडे १२. आता एक कॉइल तुटली की त्रिकोण उघडतो. धड कॉइलींवर सरळ १८-१८, आणि तुटलेलीच्या दोन टोकांवर मीटर लांबच्या वाटेने, उरलेल्या दोघींतून जातं: ३६. म्हणजे तुमचे चुकीचे आकडे एक नाही, तिन्ही आहेत.

ढकलावं का लागतं तेही यातच आलं. त्या मेलेल्या कॉइलीच्या जागी आर्मेचर थांबलं की सुटायला जोर पुरत नाही. कुठे थांबेल ते नशीब, म्हणून कधी सुटतं, कधी नाही. आणि सगळा भार उरलेल्या दोघींवर, म्हणून ताप आणि वास.

आता भिंग घ्या. वाइंडिंग आतून जळालेलं असण्यापेक्षा तार पट्टीच्या कानाला जिथे डाखलेली असते तिथेच सुटलेली असण्याची शक्यता जास्त.

प्रतिसाद १

मला तर वाटलं होतं रूळच. पॉलिश पेपर मागे घेतला. :)

धागालेखक

अगदी तिथेच! केसापेक्षा बारीक तार, टोकाशी हिरवट झालेली, कानापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर वर उभी. नुसत्या डोळ्यांना जोडलेलीच दिसत होती. तार जेमतेम पोचतेय. डाखताना काय सांभाळू?

प्रतिसाद ४

रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. तारेवर इनॅमल असतं, टोक ब्लेडने हळूच खरवडून तांबं उघडं करा, नाहीतर डाख वर बसेल पण वीज जाणार नाही. राळेचा फ्लक्सच वापरा; अॅसिडचा वापरलात तर सहा महिन्यांत तार पुन्हा हिरवी. सोल्डरिंग आयर्न टोकदार हवी आणि एक-दोन सेकंदांत काम झालं पाहिजे, नाहीतर पट्टी ज्या प्लास्टिकवर बसलीय ते मऊ होऊन पट्टी सरकते. कथिल अगदी कणभर. थेंब मोठा झाला तर आर्मेचर फिरताना ब्रशच्या पट्टीला घासेल. नंतर ब्रश घालण्याआधी मोटर बोटाने पूर्ण फिरवून बघा.

धागालेखक

आधी एका रद्दी मोटरवर चार वेळा हात बसवला, मग काल रात्री हे केलं. आकडे १२, १२ आणि १२.२! बेअरिंगना सुईच्या टोकाने एकेक थेंब प्लास्टिकला चालणारं तेल दिलं, कम्युटेटर कोरडाच ठेवला. इंजिन मुद्दाम पंचवीस वेळा थांबवून पुन्हा सोडलं, एकदाही बोट लावावं लागलं नाही. आधी ६ व्होल्टला अडायचं, आता ३ ला सरकतं. वीस मिनिटं चालवल्यावर मोटर कोमट, वास नाही. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते, आणि गाडी वळणावर आली की दर वेळी वाकून बघत होते.

जाता जाता अजून एक. सहापैकी दोन डबे बाकीच्यांहून जरा थोराड दिसतात, चाकं मात्र त्याच रुळांवर नीट बसतात. कुणी रूळ बदलून डबे मिसळले असतील का?

प्रतिसाद २

रूळ बदललेले नाहीत. ते दोन ब्रिटिश असणार. युरोपात आणि अमेरिकेत एन म्हणजे १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, रूळ दोन्हीकडे ९ मिलिमीटरच. २० मीटरचा खरा डबा पहिल्यात १२५ मिलिमीटर होतो, दुसऱ्यात १३५. पट्टी लावून बघा. डबे एकमेकांना जोडायचे हुक एकसारखे असतील तर खुशाल एकत्र चालवा; अर्नोल्ड या जर्मन कंपनीने तिच्या रॅपिडो गाड्यांना दिलेला तो चौकोनी हुक पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलला.

धागालेखक

१२५ आणि १३५, तंतोतंत. थोराड दोघांना शेवटी जोडलंय.