अटॅक आल्यावर आधी जवळचे इंजेक्शन की थेट मुंबईची वाट?

वाशिष्ठीकाठ

काल या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, ‘कोकणातल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, तर तालुक्याच्या रुग्णालयात एक मिनिटही घालवू नये, गाठ विरघळवणारे इंजेक्शन हा गरिबांचा उपचार आहे, खरा उपचार अँजिओप्लास्टी, तेव्हा थेट मुंबई गाठावी.’ त्याखाली अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून मला सविस्तर लिहिणे भाग पडले.

अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली धमनी नळी घालून उघडणे, वेळेत झाली तर ती श्रेष्ठ, याबद्दल वाद नाही. निदानापासून दोन तासांच्या आत ती होण्यासारखी नसेल, तर आधी इंजेक्शन द्यावे, असे हृदयरोगतज्ज्ञांच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. चिपळूणहून निघालेली रुग्णवाहिका परशुराम घाट आणि कशेडी ओलांडून दोन तासांत मुंबईला पोहोचल्याचे मी कधी ऐकलेले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ चाचणीत नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. झटका येऊन तीन तास झाले नाहीत, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होणे शक्य नाही, असे १,८९२ रुग्ण त्यात होते. एका गटाला टेनेक्टेप्लेस हे रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन देऊन नंतर सवडीने अँजिओग्राफी (धमन्यांची तपासणी) केली, दुसऱ्या गटाची थेट अँजिओप्लास्टी केली. तीस दिवसांत मृत्यू, शॉक (रक्तदाब कोसळणे), हृदय कमकुवत होणे किंवा पुन्हा झटका, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १४.३ टक्के. इंजेक्शन मागे पडले नाही, इतके तरी यातून नक्की दिसते.

माझ्या वडिलांना संध्याकाळी छातीत आवळल्यासारखे होऊन दरदरून घाम आला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून वीस मिनिटांत इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटाने कराडला नेऊन स्टेंट घातला. आज ते परसात नारळाची आळी स्वतः करतात. मी मुंबईचा आग्रह धरला असता, तर त्या रात्री काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

हर्णैबंदर

तो मजकूर माझाच आहे आणि तो मी रागाने नव्हे, अनुभवाने लिहिला आहे. माझे काका ७८ वर्षांचे होते. त्यांना असेच इंजेक्शन दिले गेले आणि त्याच रात्री मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. आपल्या वडिलांना आळी करताना पाहण्याचे भाग्य आपल्याला लाभले, याचा मला आनंदच आहे. पण आपण त्या चाचणीचा अर्धाच भाग सांगितला आहे, आणि हा मला अप्रामाणिकपणा वाटतो. मेंदूतील रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात १ टक्का होता, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. शिवाय इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांची गाठ नीट विरघळली नाही, म्हणून त्यांना तातडीने अँजिओग्राफीसाठी न्यावे लागले. चाचणी झाली तेथे अशी सोय असलेले रुग्णालय जवळ होते. दापोली, मंडणगड किंवा गुहागरहून ते ३६ टक्के रुग्ण कोठे न्यायचे, हे आपण सांगावे.

वाशिष्ठीकाठ

रक्तस्रावाचा आकडा मी द्यायला हवा होता, हे मान्य. परंतु अर्धा भाग आपणही वगळला आहे. चाचणी सुरू असतानाच ७५ वर्षांच्या आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी टेनेक्टेप्लेसची मात्रा निम्मी केली गेली, आणि त्या बदलानंतर ते प्रमाण ०.५ टक्क्यावर आले. आपल्या काकांना कोणते औषध किती दिले होते, हे आपण शोधले आहे का?

हर्णैबंदर

गेलेल्या माणसाच्या औषधाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून अकरा वर्षे काम करते, म्हणून दोघांनाही नम्रपणे सांगते की, आपण ज्या रुग्णाबद्दल भांडत आहात, तो आमच्याकडे क्वचितच येतो. ‘स्ट्रीम’मधले सर्व रुग्ण तीन तासांच्या आतले होते. आपल्या देशातील २०,४६८ रुग्णांची ‘क्रिएट’ ही नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्मे रुग्ण सहा तास उलटून गेल्यावर रुग्णालयात पोहोचले होते. आधी गॅस समजून ओवा आणि सोडा दिला जातो, मग मुलगा मुंबईहून फोनवर ‘मी येतो, थांबा’ म्हणतो, मग गाडी शोधली जाते. बायकांच्या बाबतीत तर दुखणे अंगावर काढण्याची इतकी सवय असते की, त्या स्वयंपाक आटोपूनच येतात. वेळ जातो तो घाटात जातो तसा अंगणातही जातो.

देवगडहापूस

वेळेची गोष्ट निघालीच आहे, तर ज्यांना घाई नाही त्यांना घाई का केली जाते, हेही कोणी सांगावे. माझ्या मेव्हण्याला फक्त चढण चढताना छातीत दुखत असे. ‘उद्याच दोन स्टेंट घाला’ असे त्याला सांगितले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण (धमनी अरुंद, पण झटका चालू नाही असे) होते आणि सुमारे तीन वर्षांत स्टेंट किंवा बायपासमुळे मृत्यू वा झटके कमी झाल्याचे दिसले नाही.

रात्रपाळी

आपला मुद्दा खरा आहे, पण तो स्थिर रुग्णांचा आहे. येथे ज्याची धमनी या क्षणी बंद झाली आहे, त्याची चर्चा चालू आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की लोक झटक्यातही स्टेंट नाकारतात, हे मी पाहिले आहे.

कातळसडा

परदेशातल्या चाचण्यांचे हे आकडे आपण एकमेकांवर फेकत आहात, पण आपल्याच रायगडात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केले, ते कोणालाच आठवू नये? लाल विंचवाच्या दंशाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना ते अशा रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, त्यांच्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या घरातून एकाच्या घरात आले. त्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना गोळीविना ठेवले नव्हते. डोळस डॉक्टरला चाचणी लागत नाही.

वाशिष्ठीकाठ

शेवटचे वाक्य मला अजिबात मान्य नाही आणि ते खुद्द बावस्करांच्या कामाशीही जुळत नाही. विंचवाची प्रतिलस, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, देण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, चाचणी केली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना प्राझोसिन मिळाले, निम्म्यांना जोडीला प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिलस मिळालेल्यांत ९१.४ टक्के आणि न मिळालेल्यांत २२.९ टक्के, इतका फरक पडला. डोळस डॉक्टरही फसतात, याचा दाखला हृदयरोगातच आहे. झटक्यानंतर हृदयाचे चुकार ठोके थांबवण्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड देणे सर्वांना शहाणपणाचे वाटत होते. ठोके थांबतही होते. १९८९ च्या ‘कास्ट’ चाचणीत ती औषधे घेणारे ७.७ टक्के दगावले आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणारे ३ टक्के. रुग्णाच्या उशाशी बसून हे कोणाला दिसले असते?

कातळसडा

त्या ७० जणांना कोणते औषध दिले जात आहे, हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होते, हेही सांगा. मग ती कसली काटेकोर चाचणी? आणि माझ्याशी बोलताना थोडे सांभाळून बोला. गडग्याचा दगड उचलताना माझ्या धाकट्या भावाला विंचू चावला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आमच्या घरच्यांनी आधी मंत्र घालणाऱ्याला बोलावले. त्याचे हातपाय गार पडत गेलेले मी माझ्या हातात अनुभवले आहेत. आठ मैलांवरच्या दवाखान्यात ती गोळी होती, हे आम्हाला नंतर कळले. तेथे कोणी त्याची चिठ्ठी काढली असती, तर मी त्या डॉक्टरला क्षमा केली नसती.

रात्रपाळी

दादा, आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले. पण २०११ च्या चाचणीत एकालाही प्राझोसिनपासून वंचित ठेवले नव्हते, हे कृपया पुन्हा वाचावे. ज्या औषधाचा गुण डोळ्यांसमोर दिसत होता, ते सर्वांना दिले. ज्याबद्दल खात्री नव्हती, तेवढ्यापुरतीच चिठ्ठी टाकली. डोळे बांधलेली ती चाचणी नव्हती, हा आपला आक्षेप मात्र बरोबर आहे.

कातळसडा

सर्वांना गोळी मिळाली असेल, तर माझी हरकत नाही. चाचणी लागत नाही, हे वाक्य मी तरीही मागे घेणार नाही.

हर्णैबंदर

मी काल रात्री चुलत भावाकडून काकांचे कागद मागवून घेतले. औषध टेनेक्टेप्लेस नव्हे, स्ट्रेप्टोकायनेज हे गाठ विरघळवणारे दुसरे औषध होते, आणि ते झटक्यानंतर नऊ तासांनी दिले गेले. त्या नऊ तासांतले पाच तास आम्हीच घालवले, कारण थेट मुंबईला नेण्यासाठी गाडीची वाट पाहत होतो. ‘एक मिनिटही घालवू नये’ आणि ‘गरिबांचा उपचार’ हे दोन्ही शब्द मी मागे घेतो. छत्तीस टक्के रुग्ण कोठे न्यायचे, या माझ्या प्रश्नाला मात्र अजून कोणीही उत्तर दिलेले नाही.

वाशिष्ठीकाठ

नाही दिलेले. चिपळूणकरांना कराड आहे. मंडणगडकरांना काय आहे, ते मला सांगता येत नाही. कागदांबद्दल मी ज्या स्वरात विचारले, त्याबद्दल क्षमस्व.