कॉर्न स्नेकच्या पेटीत खाली काय अंथरावं? (इंदूर)

रामबागची_काकू
नमस्कार मंडळी. भाचा नोकरीला बेंगळुरूला गेला आणि त्याचा कॉर्न स्नेक आमच्या गळ्यात पडला. नारिंगी रंगाचा, स्वभावानं गरीब. काचेची पेटी, लपायला दोन खोकी, पाण्याचं भांडं, खालून तापणारी चटई असा सगळा संसार सोबत आलाय. फक्त अंथरायचं सामान संपत आलंय. ऑनलाइन ॲस्पेनच्या (एक परदेशी झाड) लाकडी ढलप्यांच्या पिशवीचा भाव बघून डोळेच फिरले. शेजारचे म्हणतात, आरामशीनवरून भुसा आणा, पोतंभर फुकट मिळेल. माळी म्हणतो कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा. सासूबाई म्हणतात, साप मातीतच राहतो, मग माती घाला. इथे सहज मिळेल, त्याला बाधणार नाही आणि मला रोज निस्तरत बसावं लागणार नाही, असं काय आहे? नागपंचमीच्या दुधाचे विनोद नकोत, घरात भरपूर झालेत.

छावणीकर
भुसाच आणा. आमच्या सशांना कायम तोच असतो. काही होत नाही.

कामाठीबागेजवळ (बडोदा)
काकू, भुसा अजिबात नको. आरामशीनच्या ढिगात कुठलं लाकूड आहे हे तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. सागवान, चीड (पाइन), देवदार, जुन्या पॅकिंगच्या पेट्या, प्लायवुडची कातरण, सगळं एकत्र. देवदार हा खरा सीडर, उग्र वासाच्या तेलाचं लाकूड. त्याच्या तेलामुळे त्याला कीड लागत नाही, म्हणून तर कपाटांना तो चांगला. पण बंद पेटीत तेच तेल वाफेवाटे चोवीस तास सापाच्या फुफ्फुसात जातं. बहुतेक सापांचं एकच फुफ्फुस कामाचं असतं, डावं नावापुरतं. त्यात खालून चटईची ऊब, म्हणजे वास आणखी जोरात सुटणार. चिडाबद्दल पाळणाऱ्यांत मतभेद आहेत, भट्टीत वाळवलेला चालतो असं काही जण म्हणतात. पण आरामशीनवर भट्टीत वाळवलेलं कोण वेगळं काढून देणार? शिवाय बारीक धूळ तोंडात, नाकपुड्यांत जाते ती वेगळीच.

वाळूही नको. नर्मदेची असो की दुकानातली रंगीत, उंदीर गिळताना सोबत पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. बागेतल्या मातीत खत, औषध, किडे काय असेल याचा भरवसा नाही.

तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे: वर्तमानपत्र. चार-पाच थर, वर साधे पांढरे किचन टिश्यू. दिसायला गचाळ, पण घाण झाली की लगेच दिसते, काढून फेकता येते, आणि अंगावर गोचिडीसारखे बारीक काळे माइट झाले असतील तर पांढऱ्यावर आधी तेच दिसतात. नवा साप किंवा आजारी साप सगळे कागदावरच ठेवतात. फक्त रद्दी कपाटातली, डांबरगोळ्यांच्या शेजारची नको.

लष्कर_ग्वाल्हेर
कागदाला +१, पण कॉर्न स्नेकला अंथरुणात बुडी मारून लपायला आवडतं. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, पाचोळ्यात आणि सालींखाली वावरणारा. नुसत्या सपाट कागदावर तो बिचकून राहतो. ॲस्पेन मिळाला आणि परवडला तर तोच घाला, त्यात बोगदे टिकतात. नाही तर कागदाच्या पट्ट्या फाडून एका कोपऱ्यात चांगला ढीग करा. शाईचा चकचकीत मासिकाचा कागद नको, साधा घ्या.

रामबागची_काकू
आणि कोकोपीट? नर्सरीत विटा रचलेल्या असतात, स्वस्त आहेत.

कामाठीबागेजवळ (बडोदा)
चालतं, पण तीन गोष्टी बघून. एक, वीट बिनखताची हवी. रोपांसाठी खत मिसळून विकतात, ती नको. दुसरं, नारळाच्या काथ्यात मीठ असतं, म्हणून भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून पिळून काढा. तिसरं, आणि इथेच बहुतेकांची गडबड होते, ते पूर्ण भुरभुरीत वाळल्याशिवाय पेटीत घालू नका. कॉर्न स्नेकला हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरते. पोटाखाली सतत ओल राहिली की खवल्यांवर तपकिरी डाग पडतात, फोड येतात, पुढे खवले सडतात. साप हवेच्या दमटपणानं मरत नाही, खालच्या चिखलानं आजारी पडतो.

आमच्या बडोद्यात पावसाळ्यात मी कोकोपीट काढून कागदच घालते. तुमच्याकडे माळव्यात उन्हाळा कोरडा, तेव्हा कोकोपीटचा उपयोग होईल. श्रावणात मात्र ॲस्पेनलाही बुरशी धरते, पाण्याच्या भांड्याभोवती रोज हात फिरवून बघा.

बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) असता तर उत्तर वेगळं दिलं असतं. त्याला जास्त दमटपणा लागतो, तिथे नारळाच्या सालीचे तुकडे बरे.

लष्कर_ग्वाल्हेर
चटईबद्दल एक. खाली तापणारी चटई असेल तर अंथरूण जाड नको. जाड थरात उष्णता काचेपाशी कोंडते, साप उकरत उकरत थेट तापलेल्या काचेवर जाऊन बसतो आणि पोट भाजतं. सापाला खालून भाजतंय हे कळून तो लगेच उठेल या भरवशावर राहू नका. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला चटई आपोआप बंद करणारं यंत्र) हवाच, त्याची तापमान मोजणारी तार काचेपाशी ठेवा, वर अंथरुणावर नाही. गरम कोपरा ३० अंशांच्या आसपास, दुसरा २४-२५. आमच्याकडे ग्वाल्हेरला जानेवारीत चटईशिवाय भागत नाही, पण मे महिन्यात तीच बंद करून खोली गार ठेवायची धडपड करावी लागते. इंदूरच्या रात्री बऱ्या, तरी दुपारी थर्मामीटर बघत जा.

कायद्याचं_बोलू_का
मध्येच घुसतो, माफ करा. धामण, दिवड, मांडूळ, अजगर असे आपले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. कॉर्न स्नेक आपल्याकडचा नाही आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतही नाही, म्हणून तो त्यात येत नाही, पण भाच्याकडून खरेदीची पावती मागवून ठेवा. कुणी बॉल पायथन ठेवत असेल तर तो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

रामबागची_काकू
पावती मागवते. आता डोळे जरा दुधाळ दिसतायत, आजारी आहे का?

कामाठीबागेजवळ (बडोदा)
नाही हो, कात टाकायची तयारी. आता सगळी पेटी ओली करू नका. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला त्याच्या अंगाच्या दीडपट भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओले पिळलेले टिश्यू ठेवा. तो आपणहून जाऊन बसेल. कात मोज्यासारखी अखंड उतरली पाहिजे. शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यांवर तुकडा राहिला नाही ना, ते बघा, पण डोळ्यावरचा नखानं काढू नका. राहिलाच तर डॉक्टर. तोवर हाताळणं बंद, खाणंही नाकारेल, काळजी नको.

रामबागची_काकू
हे कामाचं सांगितलंत. पेटी पुसायला फिनाईल चालेल ना?

लष्कर_ग्वाल्हेर
नको! फिनाईल नको, पाइनच्या वासाचं काहीच नको, ही देवदाराचीच भावंडं. साप बाहेर काढून गरम पाणी आणि सौम्य साबण, नंतर क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) पातळ करून, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं. मुंग्या आल्या तर पेटीभोवती तो खडूही ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आणि नंतर हात साबणानं धुवा, सापांच्या विष्ठेत साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये पेटी धुवू नका.

रामबागची_काकू
ठरलं. आत्ता कागद आणि पट्ट्यांचा ढीग, ओला डबा आजच करते, पावसाळा सरला की धुतलेलं कोकोपीट अर्ध्या पेटीत. ॲस्पेनचा खर्च भाच्याला पाठवते, त्याला पगार मिळतो.

छावणीकर
मग आमच्या सशांनाही भुसा बंद करू का?

कामाठीबागेजवळ (बडोदा)
मिसळीच्या लाकडांचा असेल तर हो. चीड-देवदाराच्या वासानं सशांच्या यकृतावर ताण येतो. त्यांना वाळलेलं गवत किंवा कागदच घाला, आणि वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.